शेजाऱ्याच्या घराची किल्ली

राखेच्या बुधवारी आम्ही फेसबुकवरील आमचे खाते कायमचे मिटवले, व्हॉट्सॲपवरील धर्मग्रामाचे चारही समूह बंद केले आणि पुढच्या रविवारी मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये तसे जाहीर केले. चर्चच्या पायऱ्यांवर आम्हाला पहिला प्रश्न आला तो असा : "फादर, ईस्टरला परत येणार ना?"

विचारणाऱ्याचा दोष नव्हता. उपवासकाळात कोणी मांसाहार सोडतो, कोणी मद्य सोडतो. अलीकडे कोणी चाळीस दिवसांसाठी समाजमाध्यमेही सोडतो. पुनरुत्थानाच्या रविवारी सारे पूर्ववत होते आणि त्यात वावगे काही नाही. उपवास हा मुळात चांगल्या वस्तूचा त्याग असतो, म्हणूनच तो सुटतो. आम्ही जे सोडले ते मात्र आमच्या हातून इतरांवर होत असलेल्या अन्यायाचे साधन म्हणून सोडले. अन्यायापासून घेतलेली निवृत्ती ईस्टरला सोडायची नसते. ती का घेतली आणि आमच्या धर्मबंधूंनी व पॅरिश कौन्सिलांनीही ती घ्यावी असे आम्हाला का वाटते, हे येथे स्पष्ट शब्दांत मांडणार आहोत. काहींना ते कडू लागेल.

आरंभ आमच्याच अपराधापासून केला पाहिजे. काही महिन्यांपूर्वी एक माता आपल्या तरुण मुलीच्या आजारपणासाठी प्रार्थनेची विनंती घेऊन आमच्याकडे आली. आम्ही ती विनंती सद्हेतूने समूहावर लिहिली : मुलीचे नाव, आळी, आजाराचे नाव, रुग्णालयाचे नाव. समूहाचे तीनशेहून अधिक सभासद. अर्ध्या तासात जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. आठवड्याच्या आत तोच मजकूर, आमच्याच शब्दांत, दुसऱ्या गावातील एका घरी पोहोचला. त्या घरी या मुलीच्या विवाहाची बोलणी चालली होती. ती बोलणी थांबली. माता पुन्हा आमच्याकडे आली. ती रडली नाही, रागावलीही नाही. "फादर, मी तुम्हाला सांगितलं होतं," एवढेच म्हणाली. त्या वाक्यातील 'तुम्हाला' या शब्दावर तिने दिलेला भार आम्ही अजून वाहत आहोत.

या घटनेत कोणत्याही कंपनीचा हात नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. पण त्या दिवसापासून एका साध्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही : जे आमचे नव्हते ते आम्ही कोणत्या अधिकाराने देऊन टाकले? हा प्रश्न घेऊन आम्ही हातातील फोनकडे पाहिले, तेव्हा ध्यानात आले की त्या एका संदेशाने जे झाले तेच आम्ही कित्येक वर्षे, नकळत आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर करीत आलो आहोत.

आपल्या वाडीत पूर्वी कुटुंब परगावी गेले की घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवण्याची रीत होती. शेजाऱ्याने झाडांना पाणी घालावे, दिवा लावावे. किल्ली हातात आहे म्हणून घर त्याचे होत नसे. ती तिसऱ्याच्या हाती देण्याचा विचारही त्याच्या मनाला शिवत नसे. धर्मगुरूच्या फोनमधील नावांची यादी ही अशा शेकडो किल्ल्यांची जुडी आहे. दारू सोडू पाहणारा बाप, नवऱ्याच्या माराला कंटाळलेली सून, संसार मोडण्याच्या बेतात असलेले जोडपे, रात्री दोन वाजता अंत्यविधीच्या तेलाभ्यंगासाठी आलेला क्रमांक, आत्महत्येच्या विचारातून परतलेला विद्यार्थी. यांतील प्रत्येकाने आपला क्रमांक आम्हाला दिला. कोणा व्यापाऱ्याला दिला नाही. आणि आम्ही काय केले? व्हॉट्सॲप प्रथम उघडताना 'संपर्क पाहण्याची परवानगी द्यावी काय' असे विचारले गेले आणि आम्ही अंगठा टेकवला. त्या एका स्पर्शाने सारी जुडी कंपनीच्या हाती गेली आणि पुढेही नियमाने जात राहिली. ज्यांचे तेथे खाते नाही अशांचे क्रमांकसुद्धा त्यात होते. ते आपण सांकेतिक रूपात ठेवतो असे कंपनी सांगते. असेल; पण ज्याचा क्रमांक त्याला आम्ही विचारले नव्हते, हे त्यामुळे बदलत नाही.

"माझी माहिती, माझी मर्जी" हा आजचा लाडका सिद्धांत आहे. तो खोटा आहे हे एकाच उदाहरणाने दाखवता येते. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. एका व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या निमित्ताने फेसबुकवरील लोकांची माहिती गोळा करून ती राजकीय प्रचाराच्या कामी एका संस्थेला पुरवली गेली होती. फेसबुकनेच नंतर दिलेल्या आकड्यांनुसार जगभरातील ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांना याची झळ पोहोचली असावी. भारतातील आकडे विशेष बोलके आहेत. आपल्या देशात ती चाचणी स्वीकारणारे होते केवळ ३३५. आणि ज्यांची माहिती त्यातून गेली असण्याची शक्यता होती ते होते ५ लाख ६२ हजारांहून अधिक. संमती ३३५ जणांची, झळ साडेपाच लाखांना! त्या साडेपाच लाखांचा दोष एवढाच की, त्यांचा कोणी मित्र होता.

दुसरे उदाहरण आम्हा धर्मगुरूंनी विशेष मनावर घ्यावे. २०१६ मध्ये अमेरिकन पत्रकार कश्मीर हिल यांनी एका मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिचे रुग्ण एकमेकांना सर्वस्वी अपरिचित होते. एके दिवशी फेसबुक त्यांना 'तुमच्या ओळखीची माणसे' म्हणून एकमेकांची नावे सुचवू लागले. उपचाराच्या खोलीत कोण कोण येते हे त्या बाईंनी कोणालाही सांगितले नव्हते. यंत्राला तर्क करता आला, तेवढे पुरेसे झाले. त्या खोलीच्या जागी पापनिवेदनाची जागा कल्पून पाहा.

यावर जाणते तरुण आम्हाला सांगतात, "फादर, व्हॉट्सॲपचे संदेश कोणी वाचू शकत नाही, ते कुलूपबंद असतात." हे खरे आहे. एप्रिल २०१६ पासून तेथील संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणाला, कंपनीलाही, वाचता येऊ नयेत अशी रचना आहे. मात्र पत्राचा मजकूर झाकला म्हणून पाकीट झाकले जात नाही. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळा लिहिले, हे त्या कुलपाबाहेर असते. एखादी स्त्री रात्री अकरा वाजता धर्मगुरूला, मग वकिलाला, मग माहेरी फोन करते, एवढे ज्याला दिसते त्याला संभाषण ऐकण्याची गरज उरते काय? फेसबुकच्या पानांवर आपण जे चढवतो त्याला तर हेही कुलूप नसते. फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतले २०१४ मध्ये, सुमारे १९ अब्ज डॉलरना. दोन्हींची माहिती एकमेकांशी आपोआप जुळवता येणार नाही असे त्या वेळी युरोपीय आयोगाला सांगण्यात आले होते. ते दिशाभूल करणारे ठरले आणि मे २०१७ मध्ये आयोगाने ११ कोटी युरोंचा दंड केला. आज मेटा या नावाने चालणाऱ्या या कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते आणि त्यांतील सुमारे १३२ अब्ज जाहिरातींतून आले. जी वस्तू आपल्याला फुकट मिळते तिच्यातून एवढा पैसा येतो, तेव्हा विकले काय जात आहे हे समजण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

"आम्हाला लपवण्यासारखे काही नाही" हा आणखी एक आक्षेप. बोलणारे बहुधा सज्जन असतात, म्हणून तो अधिक घातक. लपवणे आणि राखणे यांत भेद आहे. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करण्यास सांगितले, ते प्रार्थना लाजिरवाणी असते म्हणून काय? दान उजव्या हाताने करताना डाव्यालाही कळू नये असे सांगितले, ते दान हा गुन्हा असतो म्हणून काय? जे सर्वांत मोलाचे ते चव्हाट्यावर ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ज्याला स्वतःचे लपवायचे नाही त्याने दुसऱ्याचे उघडे करावे हा न्याय कोठला?

ख्रिस्तसभेला हे नवे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात माणसाच्या मूलभूत हक्कांची गणना केली, तीत खाजगी जीवनाच्या रक्षणाचा हक्क आहे. १९८३ च्या कायदेसंहितेचे कलम २२० सांगते की कोणाच्या सुकीर्तीला बेकायदेशीर बाधा आणू नये आणि आपले खाजगीपण राखण्याच्या कोणाच्याही हक्कावर आघात करू नये. कलम ५३५ प्रमाणे स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या परक्या हाती पडणार नाहीत याची काळजी धर्मगुरूने वाहायची असते. कलम ४९० प्रमाणे धर्मप्रांताच्या गुप्त दप्तराची किल्ली एकट्या बिशपांकडे असते. पापनिवेदनाच्या गुप्ततेचे कठोर बंधन १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घालून दिले. आणि डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या सुधारित दंडविधानात पापनिवेदनातील बोलणे यंत्राने मुद्रित करणाऱ्यास व ते माध्यमांतून प्रकट करणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे.

आता आपला व्यवहार पाहा. स्नानसंस्काराची वही लोखंडी कपाटात, कुलपात. आणि त्याच बालकाचे छायाचित्र, नाव, जन्मदिनांक, आईबापांची नावे आणि चर्चचे नाव धर्मग्रामाच्या फेसबुक पानावर! प्रथम परमप्रसाद घेणाऱ्या साठ मुलामुलींची छायाचित्रे आम्ही दरवर्षी त्या पानावर चढवली. त्यांतील एकाही बालकाला ती परत मागण्याची समज तेव्हा नव्हती. कपाटाची किल्ली आम्ही खिशात जपली आणि भिंतच पाडून टाकली.

येथे आमच्या घराण्याच्या जुन्या पापाचाही उच्चार केला पाहिजे, कारण तो टाळून दुसऱ्यांवर बोट रोखणे आम्हाला शोभणार नाही. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण न्यायासन स्थापन झाले. मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले आणि पोर्तुगीज अमलातील वसईही त्याच्या कक्षेत होती. शेजाऱ्याच्या घरात काय शिजते, कोणते वस्त्र नेसले जाते, कोणत्या दिवशी दिवा लागतो हे कळवणे हे त्या काळी धर्मकर्तव्य ठरवले गेले होते. आपल्याविरुद्ध कोणी सांगितले हे आरोपीला कळू दिले जात नसे. माणसे एकमेकांच्या ओसरीवर बसेनाशी झाली तर नवल काय! पाळत ठेवणाऱ्या समाजात श्रद्धा वाढत नाही, दांभिकता वाढते, हा धडा आपल्या पूर्वजांनी फार महाग किमतीला विकत घेतला आहे.

तो धडा विसरला गेल्याची खूण आमच्याच काळात दिसली. जुलै २०२१ मध्ये अमेरिकन बिशप परिषदेच्या सरचिटणीसपदी असलेल्या धर्मगुरूंनी राजीनामा दिला. एका कॅथलिक वृत्तप्रकाशनाने बाजारात विकत मिळणारी माहिती मिळवून, त्यांचा फोन कोठे कोठे गेला आणि समलिंगी पुरुषांच्या ओळखी जुळवणाऱ्या एका ॲपशी त्याचा कसा संबंध आला, हे शोधून काढले होते. पुढे मार्च २०२३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने प्रसिद्ध केले की, डेन्व्हर येथील कॅथलिकांच्या एका संघटनेने अशी माहिती विकत घेण्यासाठी लक्षावधी डॉलर खर्च केले आणि धर्मगुरूंविषयीचे निष्कर्ष बिशपांपर्यंत पोहोचवले. ब्रह्मचर्याच्या व्रतभंगाची वकिली आम्ही करीत नाही. आम्ही विचारतो ते एवढेच : बंधू चुकला तर प्रथम एकांतात जाऊन त्याला समजवावे, हा प्रभूने घालून दिलेला क्रम कोठे गेला? न्यायासनाचा तो जुना खबऱ्या आता पगार मागत नाही, झोपत नाही. तो आपण स्वतःच खिशात घालून हिंडवतो आणि त्याची वही कोणीही विकत घेऊ शकतो.

"सरकारने कायदा केला आहे, मग चिंता कशाला?" असेही म्हटले जाते. कायद्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अठरा वर्षांखालील बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट त्यात आहे. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये 'मान्य करा, नाहीतर चालते व्हा' अशा पद्धतीने लादलेल्या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला आणि वर्षभराने अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. हे सारे स्वागतार्ह आहे. पण कायदा कंपनीला आवरेल. आमच्या अंगठ्याला कोण आवरणार? एखाद्याने आपल्या घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवली आहे. तेथे फक्त सदसद्विवेकबुद्धीचे राज्य चालते.

सर्वांत गंभीर आक्षेप आमच्या धर्मबंधूंचा आहे : लोक जेथे आहेत तेथे ख्रिस्तसभेने असले पाहिजे, संत पौल अथेन्सच्या चौकात गेला नसता तर? व्हॅटिकननेही मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांतील उपस्थितीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध करून तेथे शेजाऱ्यासारखे वागण्याचे आवाहन केले आहे. २०२० च्या टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद होते, तेव्हा आम्ही रिकाम्या बाकांसमोर अर्पण केलेली मिस्सा याच माध्यमांतून घरोघरी पोहोचली. ज्यांना आपल्या माणसाच्या दफनविधीला येता आले नाही त्यांनी तो पडद्यावर पाहिला. त्याबद्दल आम्ही कृतघ्न नाही. मिस्सेचे प्रक्षेपण आणि प्रवचन हे मुळातच सर्वांसाठी आहे. ते चौकात मोठ्याने सांगावे. पौल चौकात गेला तो ख्रिस्त सांगण्यासाठी, करिंथकरांची गाऱ्हाणी सांगण्यासाठी नव्हे. आमचा विरोध आहे तो भाविकांच्या व्यथा, त्यांची मुले आणि त्यांचे क्रमांक चौकात नेण्याला. आणि शेजाऱ्यासारखे वागायचे तर शेजाऱ्याची किल्ली सांभाळणे हे पहिले काम नव्हे काय?

सोडण्याची किंमत पडते, हे लपवणार नाही. परदेशी नोकरी करणाऱ्या मुलांचे आईबाप रागावले, कारण सणाची छायाचित्रे त्यांना आता मिळत नाहीत. युवकांच्या दोन सभांना नेहमीच्या निम्मीच मुले आली. दफनविधीची वेळ न कळल्यामुळे एका वृद्ध मित्राला आपल्या सोबत्याचे अखेरचे दर्शन घेता आले नाही. त्याची आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली. आता दफनाची वेळ घंटेने, फलकाने आणि प्रत्येक आळीतील एका ठरलेल्या व्यक्तीच्या साध्या फोनने कळवली जाते. प्रार्थनेच्या विनंत्यांसाठी वेदीजवळ एक पेटी ठेवली आहे. मिस्सेत फक्त बाप्तिस्म्याचे नाव घेतले जाते, आजार देवाला ठाऊक असतो. छायाचित्रे त्या त्या कुटुंबाला हातात दिली जातात. बाकीचे काम आमच्या पायांवर आले आहे. गुडघे कुरकुरतात, पण गेल्या तीन वर्षांत ज्या घरांच्या उंबऱ्याला आमचा पाय लागला नव्हता तेथे आम्ही जाऊन आलो.

प्रत्येक वाचकाने सारे सोडावे असा आमचा आग्रह नाही. कोणाची रोजीरोटी त्यावर असेल, कोणाचे नातवंड सातासमुद्रापलीकडे असेल. त्याचा निर्णय त्याने करावा. मात्र ज्यांच्या हाती इतरांच्या किल्ल्या आहेत, म्हणजे धर्मगुरू, धर्मभगिनी, शिक्षक, डॉक्टर, पॅरिश कौन्सिलचे पदाधिकारी, त्यांना आम्ही आग्रहाने सांगतो : भाविकांची माहिती या माध्यमांतून काढून घ्या. केवळ फोनवरून ॲप पुसल्याने खाते मिटत नाही. मिटवण्याची रीतसर मागणी करावी लागते. फेसबुक तीस दिवस वाट पाहते आणि सारे पुसण्यास नव्वद दिवसांपर्यंत घेऊ शकते. त्या तीस दिवसांत मोह होतो. आम्हालाही झाला.

आम्ही गेल्याने कंपनीचे काही बिघडणार नाही, हे आम्ही जाणतो. दुसऱ्यांच्या फोनमध्ये आमचा क्रमांक आहेच. तो आम्हाला पुसता येत नाही. आमच्या हातून पसरलेला तो संदेशही आता परत येणार नाही. पण त्या मातेने पाम संडेच्या आदल्या दिवशी पुन्हा आमच्या दारावर टकटक केली, बसली, आणि मुलीविषयी बोलली. जाताना तिने विचारले, "फादर, हे कुठं लिहिणार नाही ना?" आम्ही नाही म्हणालो. त्या नाहीला आता थोडा तरी अर्थ आहे.